ठोका नेमका कुठे बिघडतो? हृदयाच्या लयदोषाचा उगम शोधण्याविषयी

पाऊलखुणा (धागाकर्ती)

छातीत पहिल्यांदा अचानक धडधड सुरू झाली तेव्हा मी १९ वर्षांची होते, आणि तिचे खरे कारण सापडले तेव्हा ३१ वर्षांची. मधली १२ वर्षे मला एकच उत्तर मिळत राहिले : मनावर ताण आहे, विश्रांती घ्या. हा धागा तक्रार करण्यासाठी काढलेला नाही. लयदोषाच्या बाबतीत ‘काय होते आहे’ यापेक्षा ‘कुठून होते आहे’ हा प्रश्न उपचार ठरवतो, हे मला फार उशिरा कळले. ते इतरांना लवकर कळावे, एवढीच इच्छा आहे.

माझा त्रास असा होता. खाली वाकून काही उचलताना किंवा एकदम वळताना, कुणी कळ दाबावी तसे हृदय एका क्षणात पळू लागे. नाडी मोजली तर मिनिटाला १९० च्या आसपास भरे आणि गळ्याशी ठोके उडताना दिसत. वीस-पंचवीस मिनिटांनी सुरू झाले तसेच एका क्षणात थांबे. दवाखान्यात पोहोचून इसीजी निघेपर्यंत सगळे शांत झालेले असे आणि कागदावर निर्दोष आलेख उमटे. तो आलेख खोटा नव्हता, हे मला पुढे समजले, आणि त्यामागचे कारण मला आजही विलक्षण वाटते.

हृदयाचे वरचे कप्पे (अलिंद) आणि खालचे कप्पे (निलय) यांच्यामध्ये तंतुमय ऊतींचे कडे असते आणि त्यातून विजेचा संदेश जात नाही. वरून खाली जायला एकच अधिकृत वाट असते, ती म्हणजे एव्ही नोड आणि त्याच्या पुढचा हिसचा जुडगा. काही जणांमध्ये जन्मतःच या कड्यावरून स्नायूचा एक बारीकसा धागा पलीकडे गेलेला असतो. माझ्यात तो होता, पण तो संदेश फक्त खालून वर नेत असे. त्यामुळे एरवी प्रत्येक ठोका अधिकृत वाटेनेच खाली येई आणि इसीजीत काहीही वावगे दिसत नसे. एखादा अवेळी ठोका पडला की मात्र संदेश एव्ही नोडमधून खाली, या चोरवाटेने पुन्हा वर, पुन्हा नोडमधून खाली, असा गरगर फिरत राही.

अखेर एकदा धडधड चालू असतानाच इसीजी निघाला. (इसीजीत हृदयाकडे एकेका कोनातून पाहणारा प्रत्येक आलेख म्हणजे एक ‘लीड’.) तो पाहणाऱ्या डॉक्टरांनी प्रत्येक ठोक्याच्या उंच सुळक्यानंतर असलेल्या एका लहानशा खाचेवर पेनाचे टोक ठेवले आणि म्हणाले, “हे बघा, अलिंद मागून पेटते आहे. आणि पहिल्या लीडमध्ये ही खाच खाली झुकली आहे, म्हणजे ते डावीकडून पेटते आहे.” बारा वर्षे जे सापडत नव्हते ते त्या दोन मिलिमीटरच्या खाचेत होते.

पुढे ईपी स्टडी, म्हणजे हृदयातले विजेचे संदेश आतून मोजण्याची तपासणी, झाली. जांघेतल्या शिरेतून बारीक, लवचीक नळीसारखी कॅथेटर हृदयात नेली होती. त्यांपैकी एक हृदयाच्या मागच्या बाजूने जाणाऱ्या करोनरी सायनस या शिरेत ठेवलेले होते आणि त्यावर ओळीने दहा इलेक्ट्रोड होते. मी जागी होते. बाहेरून काही जादा ठोके देऊन त्यांनी माझी धडधड मुद्दाम सुरू केली. आयुष्यात पहिल्यांदा ती सुरू झाल्यावर मला भीती वाटली नाही, कारण खोलीतले सगळे जण तिचीच वाट पाहत होते. पडद्यावर दहा इलेक्ट्रोडचे संकेत एकाखाली एक उमटत होते आणि त्यांतला सर्वांत आधीचा संकेत शिरेच्या सर्वांत आतल्या टोकाशी, म्हणजे डाव्या बाहेरच्या भिंतीशी येत होता. सगळे काम अधिकृत वाटेनेच चालले असते तर तो मधल्या पडद्याजवळ आधी यायला हवा होता. त्यानंतर अलिंदांमधल्या पातळ पडद्यातून सुई पलीकडे नेऊन, झडपेच्या कडेने कॅथेटर फिरवत तो ठिपका गाठला. तो डागण्यासाठी ऊर्जा सुरू केल्यावर कुणी तरी सेकंद मोजत होते आणि चौथ्या सेकंदाला “तुटला” असा शब्द ऐकू आला.

या गोष्टीला सहा वर्षे झाली. धडधड पुन्हा आलेली नाही. ज्यांना असे अनुभव आहेत किंवा ज्यांना या विषयाचे ज्ञान आहे, त्यांनी जरूर लिहावे.

निळी शाई

ताई, तुमचा अनुभव वाचून बरे वाटले आणि थोडे वाईटही. मला एट्रिअल फिब्रिलेशन (एएफ), म्हणजे अलिंदांची लय पार विस्कळीत होण्याचा त्रास आहे. माझे ॲब्लेशन (बिघडलेली जागा कॅथेटरने डागणे) दोनदा झाले आणि तरीही वर्षातून एखाद-दोनदा लय बिघडते. तुमचा ठिपका चौथ्या सेकंदाला तुटतो आणि माझा सापडतच नाही, असे का व्हावे? दोन्ही वेळी मला सांगितले होते की फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांभोवती डागले आहे. उगम सापडला होता की नुसता अंदाज होता?

अधोरेखित

मी याच क्षेत्रात काम करतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. इथे लिहिलेले कुणाच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही, हे आधीच नमूद करतो.

‘उगम’ हा शब्द आपण दोन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतो आणि पुष्कळसा गोंधळ तिथूनच सुरू होतो. काही लयदोषांत खरोखर एक जागा असते. पेशींचा एक लहानसा पुंजका आपल्या मनाने ठोके सोडतो आणि पाण्यात खडा पडल्यावर वर्तुळे पसरावीत तशी लाट चहूकडे जाते. अशा वेळी सर्वांत आधी पेटणारी जागा शोधायची असते आणि ती सापडली की काम झाले. दुसऱ्या प्रकारात एक चक्र असते. चक्राला आरंभ नसतो, म्हणून ‘सर्वांत आधी कुठे’ हा प्रश्न तिथे अर्थहीन होतो. तिथे विचारायचे असते ते असे : चक्र कोणकोणत्या जागांतून जाते, आणि त्यातली कोणती जागा इतकी अरुंद आहे की ती तोडली असता चक्र बंद पडेल? पाऊलखुणा यांच्या चक्रात एव्ही नोड आणि चोरवाट असे दोन अरुंद दुवे होते. नोड तोडता येत नाही, कारण तीच हृदयाची अधिकृत वाट आहे. म्हणून चोरवाट तोडली. तिथे ‘सर्वांत आधीची जागा’ शोधली ती चक्राचा आरंभ म्हणून नव्हे, तर चोरवाट अलिंदात नेमकी कुठे उघडते हे समजावे म्हणून.

हा विचार जुना आहे. जॉर्ज राल्फ माइन्स यांनी १९१३ च्या सुमारास हृदयाच्या ऊतीच्या कड्यांमध्ये लाट गोल गोल फिरताना दाखवली होती. चक्र खरे आहे याची कसोटीही त्यांनीच सांगितली : कडे कापा, फिरणे थांबले पाहिजे. आज आम्ही कॅथेटरने जे करतो ते त्याच कसोटीचे व्यवहारातले रूप आहे. १९६८ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात विल सीली यांनी छाती उघडून, आधी हृदयाच्या पृष्ठभागावर मोजमाप करून, अशीच एक जादा वाट शस्त्राने कापली. कॅथेटरमधून विजेचा धक्का देऊन ॲब्लेशन करणे १९८२ मध्ये सुरू झाले, आणि त्याच दशकाच्या अखेरीस रेडिओफ्रिक्वेन्सी ऊर्जा आल्यावर ते सुरक्षित आणि नेमके झाले. या ऊर्जेने कॅथेटरच्या टोकाखालची ऊती ५० अंश सेल्सिअसच्या वर तापली की तिची वहनक्षमता कायमची जाते. असा डाग जेमतेम काही मिलिमीटरांचा असतो, म्हणून जागा तितकीच नेमकी सापडावी लागते.

चक्रावर आपण आहोत की बाहेर, हे ठरवण्याची एक पद्धत मला फार सुंदर वाटते. धडधड चालू असताना कॅथेटरच्या टोकातून तिच्यापेक्षा किंचित जलद ठोके द्यायचे आणि मग थांबायचे. शेवटच्या ठोक्याची लाट चक्र पूर्ण करून त्याच टोकाशी परत यायला किती वेळ लागला ते मोजायचे. हा वेळ धडधडीच्या एका फेरीइतकाच भरला, साधारण ३० मिलिसेकंदांच्या फरकाने, तर टोक चक्रावरच आहे. जास्त भरला तर लाटेला चक्रापर्यंत जाण्यायेण्याचा वेळही लागला आहे, म्हणजे आपण बाहेर आहोत. एट्रिअल फ्लटरमध्ये उजव्या अलिंदात झडपेच्या कड्याभोवती असे मोठे चक्र मिनिटाला सुमारे ३०० फेऱ्या मारते. झडप आणि खालची महाशिरा यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीतून त्याला जावेच लागते, आणि त्या पट्टीवर आडवी रेघ ओढली की फ्लटर थांबतो.

आता निळी शाई यांच्या प्रश्नाकडे येतो. १९९८ मध्ये फ्रान्समधील बोर्दो येथील मिशेल हेसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५ रुग्णांमध्ये एएफ सुरू करणारे ठोके कुठून येतात ते शोधले. सापडलेल्या ६९ जागांपैकी ६५ जागा फुप्फुसांकडून डाव्या अलिंदात येणाऱ्या शिरांच्या आत होत्या. या शिरांवर अलिंदाच्या स्नायूची बाही चढलेली असते आणि ती बाहीच ठोके सोडते. सुरुवातीला एकेक जागा डागली जाई, पण एक शांत केली की दुसरी उठे. शिवाय शिरेच्या आत डागले तर शीर आकसण्याचा धोका असतो. म्हणून शिरेच्या मुखाभोवती पूर्ण कडे डागून तिला अलिंदापासून तोडायचे, अशी पद्धत रूढ झाली. थोडक्यात, तुमच्या बाबतीत तो नुसता अंदाज नव्हता. उगम ज्या घरात राहतो ते घर माहीत होते, म्हणून खोली न शोधता घराचे दारच बंद केले. पण त्या कड्यात कुठे अगदी लहानशी फट राहिली किंवा डाग पुरेसा खोल गेला नसेल, तर दार पुन्हा उघडते. दुसऱ्या ॲब्लेशनमध्ये बहुतेकदा अशा फटीच शोधाव्या लागतात.

एएफ दीर्घकाळ टिकून राहिले असेल तर मात्र अलिंदाची भिंतच बदललेली असते आणि शिरांच्या बाहेरही कारणे असतात. ती कुठे आहेत यावर आमच्या क्षेत्रात आजही एकमत नाही. शिरांखेरीज आणखी रेघा ओढाव्यात किंवा तुटक-तुटक संकेत देणाऱ्या जागा डागाव्यात, असे बरीच वर्षे केले जात होते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्टार एएफ २’ या ५८९ रुग्णांच्या चाचणीत, नुसत्या शिरा तोडण्यापेक्षा या जादा डागण्याने एएफ परत येणे कमी झाले नाही. मला ही चाचणी महत्त्वाची वाटते, कारण जागा खात्रीने सापडलेली नसताना जास्त डागणे म्हणजे जास्त उपचार नव्हे, हे तिने आम्हाला शिकवले.

निळी शाई

घर आणि खोली हे पटले. दुसऱ्या वेळच्या अहवालात “डाव्या वरच्या शिरेत पुनर्जोडणी” असे लिहिलेले होते. त्याचा अर्थ आज कळला.

कंपनसंख्या

मी संकेत-प्रक्रियेचा अभियंता आहे आणि शिवाय या बाबतीत रुग्णही होतो, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहितो.

बाहेरून, म्हणजे छातीवरून, आतला उगम ओळखणे हा गणिताच्या दृष्टीने अवघड प्रश्न आहे. आतील विजेचे स्रोत माहीत असतील तर छातीवर काय दिसेल हे काढता येते. पण छातीवर दिसते त्यावरून आत काय चालले आहे हे काढू गेलो, तर निरनिराळ्या स्रोतांची उत्तरे जवळजवळ सारखीच येतात, आणि मोजमापातला किंचितसा गोंगाटही उत्तर फार दूर नेऊन टाकतो. साधा इसीजी दहा इलेक्ट्रोडवरून बारा लीड देतो. छातीभोवती दोनशेहून अधिक इलेक्ट्रोडचे जाकीट घालून आणि सीटी स्कॅनमधून हृदयाचा आकार घेऊन हृदयाच्या पृष्ठभागावरचा नकाशा काढण्याची पद्धत आता आहे. पण हृदयाचा मधला पडदा आणि भिंतीची खोली तिला नीट दिसत नाही.

माझा त्रास निलयातून येणाऱ्या अवेळी ठोक्यांचा होता. होल्टरमध्ये, म्हणजे अंगावर बाळगायच्या इसीजी यंत्रात, चोवीस तासांतले पाचातले एकाहून अधिक ठोके अवेळी निघाले. ते इतके होते की हृदयाची आकुंचनशक्ती कमी होऊ लागली होती. इसीजीवरून एवढे स्पष्ट होते की ठोका निलयाच्या वरच्या भागातून, रक्त बाहेर पडते त्या मार्गातून सुटतो, कारण खालच्या तिन्ही लीडमध्ये तो उंच उभा होता. पण उजव्या निलयाचा बाहेर जाणारा मार्ग आणि डाव्याचा मार्ग एकमेकांना अगदी खेटून असतात. छातीवरच्या लीडमध्ये सुळका खालून वर कुठल्या लीडला पलटतो यावरून बाजू ठरवतात. तिसऱ्या लीडच्या आधी पलटला तर डावी, नंतर पलटला तर उजवी. माझा नेमका तिसऱ्यालाच पलटत होता.

त्यामुळे आधी उजवीकडून शोध सुरू झाला. त्रिमितीय नकाशाच्या यंत्रात, जागा जितकी आधी पेटते तितका तिचा रंग लाल दिसतो. उजव्या बाजूला एक बरीच मोठी जागा लालसर दिसत होती, पण तिथला संकेत इसीजीतल्या ठोक्याच्या जेमतेम १० मिलिसेकंद आधी येत होता. माझ्या डॉक्टरांनी तिथे डागले नाही. “लाल रंग मोठ्या जागेत पसरला आहे, याचा अर्थ आपण पलीकडच्या खोलीचा उजेड भिंतीवरून पाहतो आहोत,” असे ते म्हणाले. मग धमनीतून डाव्या बाजूला गेले. महाधमनीच्या झडपेच्या एका पाकळीच्या खाचेत ३२ मिलिसेकंद आधीचा संकेत सापडला आणि तिथे लाल ठिपका वाटाण्याएवढाच होता. आधी करोनरी धमनीचे मुख किती दूर आहे ते तपासले, कारण खाच त्या मुखाला लागूनच असते, आणि मगच ऊर्जा दिली. चार महिन्यांनी माझी आकुंचनशक्ती पूर्ववत झाली होती.

नकाशा रंगीत असतो म्हणून तो खरा वाटतो. पण यंत्र फक्त तिथलेच सांगते जिथे कॅथेटर जाऊन आले आहे, आणि मधल्या जागा ते आपल्या हिशेबाने भरते. मी आयुष्यभर असे नकाशे बनवत आलो, तरी हे मला त्या टेबलावर आडवे असताना पटले.

मोगरी

माझ्या बाबांना आठ वर्षांपूर्वी हृदयविकाराचा मोठा झटका आला होता. आता त्यांना व्हीटी, म्हणजे निलयातून उठणारी जलद धडधड, होते आणि ती मोडण्यासाठी छातीत बसवलेले आयसीडी यंत्र विजेचे धक्के देते. गेल्या महिन्यात एका रात्रीत चार धक्के बसले. ॲब्लेशन सुचवले आहे, पण व्हीटी चालू असताना त्यांचा रक्तदाब पडतो. मग धडधड सुरू न करता उगम शोधणार तरी कसा? आई फार घाबरली आहे.

अधोरेखित

मोगरी, एका दिवसात तीन किंवा अधिक वेळा अशी लय बिघडली तर आम्ही ती तातडीची स्थिती मानतो. पुन्हा धक्के बसू लागले तर सकाळची वाट न पाहता त्यांना रुग्णालयात न्यावे.

तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे. झटक्यानंतर स्नायूचा जो भाग मरतो तिथे व्रण होतो, पण तो सलग नसतो. त्यात जिवंत तंतूंच्या चिंचोळ्या वाटा उरतात. त्यांतून संदेश फार संथ जातो आणि पलीकडून बाहेर पडतो तोवर भोवतालचा स्नायू पुन्हा पेटायला तयार झालेला असतो. व्हीटीचे चक्र असे चालते. ते चालू ठेवणे रुग्णाला झेपत नसेल, तर नेहमीची लय चालू असतानाच या वाटा शोधतात. कॅथेटर आतल्या भिंतीवर जागोजागी टेकवून तिथल्या संकेताची उंची मोजतात. साधारण १.५ मिलिव्होल्टच्या वर निरोगी स्नायू, ०.५ च्या खाली दाट व्रण आणि मधला भाग सीमेचा, असे धरतात. व्रणाच्या आत कुठे कुठे, मुख्य ठोका होऊन गेल्यावर, उशिरा उमटणारे बारीक खरखरीत संकेत मिळतात. तो त्या संथ वाटांचा आवाज असतो आणि त्याच जागा डागल्या जातात. शिवाय, एखाद्या जागेवरून ठोके दिल्यावर उमटणारा बारा लीडचा आलेख बाबांच्या व्हीटीच्या आलेखाशी तंतोतंत जुळला, तर ती जागा वाटेच्या बाहेर पडण्याच्या तोंडाजवळ आहे असे समजते. म्हणून बाबांच्या व्हीटीचा बारा लीडचा इसीजी कुठे निघालेला असेल तर तो शोधून डॉक्टरांकडे द्या. नसेल तर आयसीडीच्या स्मृतीत साठलेल्या नोंदीही उपयोगी पडतात.

वाट भिंतीच्या खोलात किंवा हृदयाच्या बाहेरच्या अंगाला असेल तर आतून डागून ती तुटत नाही आणि कधी कधी बरगड्यांच्या खालून हृदयाच्या आवरणात जावे लागते. २०१७ मध्ये अमेरिकेतील सेंट लुइस येथे पाच रुग्णांमध्ये, बाहेरून उगमाचा नकाशा काढून त्या जागेवर २५ ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) किरणोत्सार एकाच वेळी देण्याचा प्रयोग झाला आणि त्यांची व्हीटी मोठ्या प्रमाणात कमी झाली. तो मार्ग अजून निवडक रुग्णांपुरताच आहे.

मोगरी

आईला हे सगळे वाचून दाखवले. जुन्या फायलीत व्हीटीचा एक इसीजी सापडला आहे. उद्या घेऊन जाते.

पानगळ

माझ्या १६ वर्षांच्या मुलाला धागाकर्तीसारखीच धडधड होते. आतापर्यंतचे सगळे इसीजी नॉर्मल आले आहेत. मनगटावरच्या घड्याळातून इसीजी निघतो, तो चालेल का? आणि गोळ्या घेऊन हे दबले तर उगम शोधण्याची खरोखर गरज आहे का?

अधोरेखित

घड्याळ पहिल्या लीडसारखा एकच आलेख देते. त्यातून धडधड खरी आहे, तिचा वेग किती आहे आणि ठोके नियमित आहेत की नाहीत, हे कळते, आणि तेवढ्यानेही निदानाची अर्धी वाट संपते. जागा मात्र त्यातून क्वचितच ठरते. धडधड चालू असताना जवळच्या कुठल्याही दवाखान्यात बारा लीडचा इसीजी काढून घ्या. धडधड थांबवण्याचे इंजेक्शन देताना इसीजी चालूच ठेवायला सांगा. थांबतानाचे शेवटचे दोन-तीन ठोके पुष्कळदा सर्वांत जास्त बोलतात. त्याला कधी चक्कर येऊन शुद्ध हरपली असेल तर मात्र वाट पाहू नका.

गोळ्यांविषयी सावधपणे लिहितो. काहींना गोळ्या पुरतात आणि त्यात कमीपणा नाही. पण लय दबली म्हणजे धोका टळला असे नव्हे. १९८९ मध्ये ‘कास्ट’ या चाचणीत, हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या रुग्णांचे अवेळी ठोके औषधाने उत्तम दबले, आणि तरीही औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले. तुमच्या मुलाची गोष्ट वेगळी आहे. पण जादा वाट वरून खालीही वाहणारी असेल आणि त्यात एएफ झाले, तर एव्ही नोड रोखणारी व्हेरापामिलसारखी औषधे धोक्याची ठरतात. म्हणून गोळी ठरवण्यापूर्वीही वाट कुठे आहे आणि कशी वाहते हे माहीत असलेले बरे.

पाऊलखुणा (धागाकर्ती)

पानगळ, एक गोष्ट मी जोडते. धडधड ‘कशी सुरू झाली आणि कशी संपली’ हे मुलाला त्याच्या शब्दांत लिहून ठेवायला सांगा. माझ्या कागदांवर सगळीकडे ‘छातीत धडधड’ एवढेच लिहिलेले होते. ‘एका क्षणात सुरू, एका क्षणात बंद’ हे कुणी विचारले नव्हते आणि मीही सांगितले नव्हते. ताणाची धडधड हळूहळू चढते आणि हळूहळू उतरते.

पानगळ

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. परवा संध्याकाळी मुलाची धडधड सुरू झाली आणि पंधरा मिनिटांत आम्ही दवाखान्यात होतो. बारा लीडचा इसीजी निघाला, वेग २०४ होता. इंजेक्शन देताना इसीजीची पट्टी चालू ठेवण्याची विनंती केली आणि तिथल्या डॉक्टरांनी ती मानली. मुलगा म्हणाला की काही क्षण छाती रिकामी झाल्यासारखे वाटले. पट्टीवर शेवटच्या उंच सुळक्यानंतर एक लहानसा उंचवटा आहे, मग सरळ रेघ आहे आणि मग संथ ठोके सुरू होतात. तो उंचवटा महत्त्वाचा आहे का?

अधोरेखित

फार महत्त्वाचा आहे. तो अलिंदाचा ठोका आहे. संदेश वर पोहोचला आणि पुन्हा खाली येताना नोडमध्ये अडला, म्हणून चक्र तिथे तुटले. धडधड नुसती अलिंदातल्या एखाद्या जागेतून येत असती तर इंजेक्शनने नोड अडला त्याच क्षणी अलिंदही थांबणे जवळजवळ अशक्य होते. म्हणजे नोड हा या चक्राचा भाग आहे. आता प्रश्न एवढाच उरतो की परतीची वाट नोडच्या शेजारची आहे की दूरची. नोडच्या शेजारची निघाली तर तिथे गोठवण्याचे कॅथेटर वापरता येते. आधी उणे ३० अंशांपर्यंतच गार करून अधिकृत वाट शाबूत आहे ना ते पाहता येते, आणि ती मंदावली तर लगेच थांबून ऊती पुन्हा पूर्ववत होऊ देता येते. ती पट्टी घडी न घालता, तिचा स्पष्ट फोटो काढून, ईपी करणाऱ्या डॉक्टरांकडे न्या.

पानगळ

फोटो काढला आहे. गुरुवारी भेटीची वेळ मिळाली आहे. त्या उंचवट्यावर मुलाने स्वतःच पेन्सिलीने बाण काढला आहे.